औदुंबरला जातो म्हणून सांगितलं आणि पलूसला वाईन चाखून आलो

आईला सांगितलेलं औदुंबरला दर्शनाला चाललोय. खोटं नव्हतं ते, दर्शन घेतलं, घाटावर कृष्णेत पाय बुडवून बसलो पण, फक्त तिथनं पुढं पलूसला मित्राच्या मामांकडं यंदाची नवीन वाईन चाखायला जायचंय एवढं सांगायचं राहून गेलं.

आम्ही सांगलीची माणसं, द्राक्षं पेटीनं खातो, बेदाणा डब्यानं. वाईन म्हटलं की नाशिक. पण २००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशिककडच्या विंचूरसारखा वाईन पार्क आपल्या पलूसला पण झाला, हे आपल्याच निम्म्या लोकांना माहीत नसतं (मला पण मित्रानंच सांगितलं).

मामांची वायनरी घरचीच, छोटी. आत गेल्या गेल्या गार हवा आणि आंबूस-गोड वास. मामांनी स्टीलच्या टाकीची तोटी जरा सोडून ग्लासात शिराज (काळ्या द्राक्षाची लाल वाईन) घेतली, फेब्रुवारीत तोडलेल्या मालाची, अजून गढूळ, रंग पिकल्या जांभळासारखा. लाल वाईन साली-बियांसकट आंबवतात, रंग सगळा सालीचा, रस काढला तर पांढराच निघतो म्हणे. पहिल्या घोटाला काळ्या मिरीसारखं काहीतरी लागलं, भारी वाटलं, आणि मग हिरड्या अशा आवळल्या की सुपारी खाल्ल्यागत.

दारात खुर्ची टाकून आबा बसलेले, मामांचे वडील. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात थेंब घेतला नाही. पण बाग त्यांचीच, ऑक्टोबर छाटणीपासून डाऊनी रोगाच्या फवारण्यांपर्यंत सगळं तेच बघतात, आणि तोडणी कधी हे मशीनवर ब्रिक्स (रसातली साखर) बघून मामा ठरवतात, आबा मात्र मणी तोंडात टाकून बी चावतात. बी तपकिरी झालं, कुरकुरीत फुटलं की माल तयार.

"कशी लागली वं पावणं?" आबांनी विचारलं.

आता काय सांगायचं. म्हटलं, "चांगली आहे आबा, जरा तुरट लागतीय."

"लागणारच. बी हिरवं हुतं. आठ दिस थांबा म्हणत हुतो मी, पर पावसाचा अंदाज बघून ह्यानी मजूर लावलं."

मामा काही बोलले नाहीत, पुढच्या टाकीकडं गेले. ही शेनिन ब्लांक, पांढरी वाईन, हिला बियांची भानगड नाही म्हणाले, आधीच दाबून रस वेगळा काढतात. ती मात्र खरंच मस्त होती, पेरूसारखा वास, दोन ग्लास झाले माझे. गाडी मित्र चालवणार होता म्हणून बरं.