सावलीतला आकडा

३० मे २०२४ च्या रात्री आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच आकडा फिरत होता : नागपूर ५६ अंश. काहींना तर त्याचा अभिमानच वाटून राहिला होता. पण जुन्या सातवी 'ब'मधल्या तिघा-चौघांनी वेगवेगळ्या गावांतून जवळपास एकच प्रश्न टाकला, "यंत्र कुठं ठेवलं होतं?" पुढे हवामान खात्यानेच सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा संवेदक बिघडला होता. नागपूरचा अधिकृत उच्चांक ४८ अंशांच्या आसपासचा आहे. स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा गॅदरिंग आणि सहली बाकीचे लिहितीलच, आपण या प्रश्नाबद्दल लिहावं असं ठरवलं. प्रश्न विज्ञानाच्या सरांचा. आपल्या शाळेत 'विज्ञानाचे सर' म्हटलं की नाव सांगावं लागत नाही.

उष्णतेचा धडा सगळ्यांनाच असतो. वहन, अभिसरण, प्रारण. व्याख्या लिहा, प्रत्येकी एक उदाहरण द्या. सरांनी व्याख्या शेवटी लिहून दिल्या. त्याआधी मार्चमधल्या एका दुपारी प्रयोगशाळेतले सगळे थर्मामीटर बाहेर काढले आणि आम्हाला गटागटाने पांगवलं. एक गट सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, एक फाटकाबाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला, एक कडुनिंबाखाली, एक व्हरांड्यात, एक भर मैदानात. वेळ एकच, गाव एकच, आणि आकडे मात्र कोणाचेच जुळेनात. मैदानातला गट ओरडत आला, "सर, हा तर पन्नासच्या वर जाऊन राहिला!"

"कोणाचं तापमान हाय ते?" सरांनी विचारलं.

"हवेचं, सर."

"हवेचं काहून? थर्मामीटर फक्त स्वतःचं तापमान सांगते. त्याच्यावर ऊन पडलं तर उन्हात तापलेल्या काचेचं अन् पाऱ्याचं सांगन. हवेचं पाहिजे असन तर आधी ऊन अडवा."

मग वर्गात वाद सुरू झाला. ऊन अडवायचं तर खोका करा. बंद खोका आतून तापतो, मग भोकं पाडा. भोकांतून ऊन शिरतं, मग तिरप्या पट्ट्या लावा. जमिनीची धग खालून येते, मग पाय उंच करा. एका तासात आम्ही जिथे पोचलो ती पेटी दीडशे वर्षांपूर्वीच तयार होती, हे सरांनी नंतर सांगितलं. दीपगृहं बांधणारे स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांची ती रचना, आणि जगभरच्या वेधशाळा त्याच प्रकारची पेटी वापरतात. आधी हे सांगितलं असतं तर आम्ही चित्र काढून, भागांना नावं देऊन मोकळे झालो असतो.

पेटी कार्यानुभवाच्या तासांना झाली. भांडारातली जुनी झडपांची दारं, चार फुटांचे पाय, पांढरा रंग. (शाळेच्या गणवेशासारखा निळा द्यावा असा वरून आग्रह झाला होता. सरांनी दोन सारखे डबे, एक निळा नि एक पांढरा, उन्हात ठेवून आतल्या पाण्याचं तापमान मोजून दाखवलं आणि विषय मिटला.) पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे वाचन घेताना आत ऊन पडत नाही. आत यू आकाराचा कमाल-किमान तापमापी. त्याच्या खुणा लोहचुंबकाने खाली आणायच्या असतात, आणि तो चुंबक कोणाकडे राहील यावरून भांडणं ठरलेली. वाचन सकाळी साडेआठला, कारण वेधशाळेचा पावसाचा दिवससुद्धा साडेआठ ते साडेआठ असतो.

शेजारी आणखी एक साधा थर्मामीटर होता. त्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या बाटलीत. कोरडा फुगा आणि ओला फुगा. एप्रिलमध्ये दोघांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडायचा, जुलैत जेमतेम दोन-तीन. सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं : एक ग्रॅम पाण्याची न उकळता वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. त्या आणायच्या कुठून? आणि घरी जाऊन कूलर बघून या म्हणाले.

विदर्भातल्या पोरांना याहून चांगली प्रयोगशाळा कुठली मिळणार? मे महिन्यात ४५ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला फुगा २४ च्या आसपास असतो. वाफ होताना पाणी ती उष्णता हवेतूनच घेतं, म्हणून कूलरच्या खसच्या ताट्यांमधून आलेला वारा गार लागतो. खिडकी बंद ठेवली तर खोलीतली दमट हवा बाहेर जात नाही आणि अर्ध्या तासात अंग चिकचिकायला लागतं. जुलैत तोच कूलर, तेच पाणी, पण हवा आधीच ओली, मग वाफ होणार कशी? आमच्या घरी दर पावसाळ्यात 'कूलर बिघडला' म्हणून मिस्त्रीला बोलावणं जायचं. त्या वर्षी ते मी थांबवलं.

नवतप्याची नोंदवही तर खास. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि पुढचे नऊ दिवस सगळ्यात तापतात, नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला, असं घरोघरी सांगतात. सरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. "लिहून ठेवा, दहा वर्षांनी बोलू," म्हणाले. सुट्टीतही शाळेजवळ राहणारी पोरं पाळीपाळीने वाचन घ्यायची. कधी नवतपाच सर्वांत तापला, कधी ऐन नवतप्यात वादळी पाऊस येऊन पारा धाडकन खाली आला. ती वही पुढच्या वर्गांनी चालू ठेवली.

खारे वारे आणि मतलई वारे मात्र आम्हाला फारसे पटले नाहीत. अर्ध्या वर्गाने समुद्र पाहिला नव्हता. वाळू आणि पाण्याच्या परातींचा प्रयोग झाला, वाळू लवकर तापली नि लवकर निवली. ठीक आहे, म्हणालो.

मी आता बांधकामाच्या साइटवर असते. मे महिन्यात सगळेच जपतात. साइटवर माठ भरलेले असतात, दुपारची सुट्टी असते, बातम्यांत इशारे असतात. खरी काळजी मला पावसाने दडी मारल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाटते. आकडा ३४-३५ चाच असतो, म्हणून कोणी बोलत नाही. पण घाम वाळत नाही आणि स्लॅबवरचा माणूस गरगरतो. ओला फुगा ३५ च्या वर गेला तर धडधाकट माणसाचं शरीरही फार वेळ तग धरत नाही असं मानलं जायचं. अलीकडचे प्रयोग ती मर्यादा त्याच्याही खाली सांगतात. आमच्या साइट ऑफिसबाहेर चिंधीचा थर्मामीटर टांगलेला आहे, आणि काम किती वेळ चालवायचं ते मी त्याच्याकडे बघून ठरवते. ठेकेदाराला हे पटवायला वेळ लागला, तो किस्सा इथे नको.

शाळेची नवी इमारत झाली त्यात जुनी पेटी गेली. आमच्या बॅचने सुवर्णमहोत्सवानिमित्त नवी देण्याचं ठरवलं आहे, सुताराला नकाशाही दिला आहे. मुख्याध्यापिकाबाईंना विनंती एवढीच, की ती शोभेसाठी प्रवेशद्वाराजवळच्या पेव्हर ब्लॉकवर नको. मागच्या बाजूला, हातपंपाच्या पलीकडे अजून मातीची जागा शिल्लक आहे. एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब, दार उत्तरेला. आणि चुंबक दोन द्यावेत असं आम्ही एकमताने ठरवलं आहे.