आमची वाटचाल : शाहूपुरी ते हेल्मंड आणि तिथनं पुढं

आमच्याबद्दल कोल्हापुरात एक गैरसमज पक्का बसलाय, तो आधी खोडतो, मग बाकीचं. आम्ही पोरांना भाड्यानं लढायला पाठवत नाही. कधीच पाठवलं नाही. आमची पोरं परदेशात अंमली पदार्थविरोधी मोहिमांवर सिक्युरिटी ॲडव्हायझर म्हणून जातात, म्हणजे बंदूक धरणारे वेगळे, अफूचं उभं पीक मोडायला ट्रॅक्टर चालवणारे वेगळे, आणि आज कुठल्या रस्त्यानं जायचं, कुठल्या रानात आधी उतरायचं आणि किती वाजता सगळं आवरून निघायचं हे सांगणारा आमचा माणूस. त्याचं ऐकलं तर संध्याकाळी सगळे जेवायला हजर असतात. ह्या कामाला लोक वॉचमनगिरी म्हणतात तेव्हा अजून डोकं फिरतं.

मी बॉम्बे सॅपर्सचा, खडकीचा, म्हणजे लष्करात सुरुंग पेरणारे-काढणारे आम्ही. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी २००१-०२ ला राजस्थान-पंजाबच्या बॉर्डरवर आपण सुरुंग पेरले ते सगळ्यांना माहितीय, पण ते परत काढताना काय हाल झाले ते सॅपरलाच विचारा. शेतकऱ्यांच्या रानात पेरलेले सुरुंग, त्यावरनं पाणी फिरलेलं, वाळू सरकलेली, नकाशात एक जागा आणि माल भलतीकडंच. तिथं आम्ही शिकलो की डिटेक्टरच्या आधी रान बघायचं. पाणी कुठनं आलं, कुठं मुरलं, बांध कुणी हलवला, गवत कुठं दबलंय. सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि हीच विद्या घेऊन एका फॉरेन कॉन्ट्रॅक्टरकडं काबूलला गेलो.

तेव्हा अफगाणिस्तानात अफूची नुसती लाट आलेली. २००७ ला युनोच्या सर्वेत १ लाख ९३ हजार हेक्टर खसखशीची लागवड आणि ८२०० टन अफू निघाली, त्यातली निम्म्याहून जास्त लागवड एकट्या हेल्मंड प्रांतात. आणि त्या वर्षी मोडलेलं पीक किती, तर १९ हजार हेक्टरच्या आसपास. काबूलवरनं एक खास फोर्स यायचा, शिवाय प्रांताच्या गव्हर्नरनं स्वतः मोडलं तर त्याला हेक्टरमागं १३५ डॉलर खर्च मिळायचा. आता ह्यात गोम अशी की मोडायचं कुणाचं हे ठरवणारा तिथलाच, त्यामुळं मोठ्या खानाचं रान सुटायचं आणि कडंच्या गरिबाचं मोडायचं, आणि तो गरीब मग कुणाकडं जाणार ते सांगायला नको. आमची सिक्युरिटी तिथंच बिघडायची. बॉम्ब लावणारा बाहेरनं येत नव्हता, ज्याचं पीक गेलं तोच वाट दाखवायचा.

त्या शेतकऱ्याला मी कधी शत्रू म्हटलं नाही आणि पोरांनाही म्हणू देत नाही. तिकडं 'सलाम' म्हणून पद्धत आहे, व्यापारी पेरणीच्या टायमाला पैसे देतो आणि पुढं निघणारी अफू आजच निम्म्या भावात लिहून घेतो. आपल्याकडं ऊसतोड टोळी मुकादमाची उचल घेते आणि हंगामभर ती फेडत बसते, अगदी तसंच. उभं पीक मोडलं की कर्ज तसंच राहतं आणि वर व्याज. हे ज्याला कळतं त्याला गावात शिरताना म्हाताऱ्याशी बोलायचं कसं तेही कळतं. साताऱ्या-सांगली-कोल्हापूरच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

आता कामाचं सांगतो. हेल्मंडमध्ये पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, एप्रिलच्या सुमाराला बोंडाला चिरा पडायला लागतात. चिरा दुपारनंतर मारायच्या, चीक रात्रभर सुटतो, सकाळी खरवडून घ्यायचा. चीक निघाला की पीक मोडून उपयोग शून्य. म्हणून सगळी मोहीम फेब्रुवारी ते एप्रिल ह्या टप्प्यात कोंबलेली आणि समोरच्यालाही ते ठाऊक. फुलं येण्याच्या आसपास रानात पाणी सोडायचे, ट्रॅक्टर रुतावा म्हणून. रुतलेला ट्रॅक्टर म्हणजे थांबलेला ताफा, आणि थांबलेल्या ताफ्यावर मग तीन बाजूनं. म्हणून आमचा पहिला नियम, सकाळी पाटाचं पाणी बघायचं. ज्याची पाळी नाही त्याच्या रानात पाणी दिसलं की तिकडं ट्रॅक्टर घालायचाच नाही, साहेब कितीही ओरडू दे.

हत्यारं म्हणाल तर डिटेक्टर जर्मन, व्हॅलनचा. चांगलं मशीन आहे, शंकाच नाही. पण तिथले लोक लाकडाच्या पट्ट्या, प्लॅस्टिकचे पिवळे कॅन आणि खताची पावडर वापरायला लागले, धातू नावाला, मग मशीन गप्प. (ते खत इतकं वापरलं गेलं की अमोनियम नायट्रेटच्या खतावर २०१० च्या जानेवारीत तिथल्या सरकारनं बंदीच घातली.) त्यामुळं मशीन गप्प आहे म्हणून चालत सुटायचं नाही. आमच्या किटमध्ये प्रॉडर असतो, म्हणजे माती टोचून बघायची सळई, टूर्निके म्हणजे रक्त थांबवायचे पट्टे दोन असतात, एक खिशात आणि एक खांद्याला बाहेरनं दिसेल असं, थुराया सॅटेलाइट फोन असतो, आणि खुरपं असतं. हो, खुरपं. कागलकडच्या एका लोहाराकडनं बनवून घेतो, पातं थोडं बोथट आणि मूठ लांब, म्हणजे तिरक्या हातानं माती बाजूला सारता येते, वरनं दाब पडत नाही. परदेशातनं येणारी ट्रॉवेल किटमध्ये तशीच पडून राहते. आणि पाण्याची वही. कुठल्या पाटाला कुठल्या दिवशी कुणाची पाळी, रोज लिहायचं. माझ्या मते ती वही बी-सिक्स दर्जाच्या चिलखती गाडीच्या बुलेटप्रूफ काचेपेक्षा जास्त कामाची आहे.

परत आलो आणि अण्णांबरोबर शाहूपुरीत फर्म काढली. अण्णा गडहिंग्लजचे, लष्करात रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये कुत्र्यांवर होते, मेरठला शिकलेले. जिथं मशीन गप्प बसतं तिथं कुत्र्याचं नाक बोलतं, म्हणून मला ते पाहिजेच होते. ऑफिस म्हणजे एका खोलीत दोन टेबलं. माजी सैनिकच घ्यायचे, सॅपर नाहीतर डॉग हँडलर, सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत सगळीकडची पोरं, त्यांना इथं उसाच्या रानात आणि नदीकाठच्या मळीत तयार करायचं आणि मगच लायसनवाल्या रिक्रूटिंग एजंटमार्फत पाठवायचं. अण्णा पोरांना सांगायचे, कुत्रं बसलं की तू पण थांब, कारण विचारू नको.

आणि मग २००९. जूनमध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की पीक मोडण्याला आता पैसा देणार नाही, त्यानं शेतकरीच तुटतो आणि तालिबानकडं जातो. खरं सांगायचं तर म्हणणं चुकीचं नव्हतं, २००८ च्या हंगामात ह्या मोहिमेत ७८ माणसं मेली होती, बहुतेक पोलीस, मी त्यातले काही चेहरे ओळखायचो. पण आमचं मोठं काम एका फटक्यात गेलं. कसंबसं तोल सावरून पोरांना पर्यायी पिकाच्या प्रोजेक्टवर, गव्हाचं बी वाटणाऱ्या टीमबरोबर लावलं, तोवर २०१० च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष करझाईंचा हुकूम आला, चार महिन्यात सगळ्या प्रायव्हेट सिक्युरिटी कंपन्या बंद. व्हिसा अडकले, पगार अडकले, एका कंपनीनं तर फोन उचलायचाच बंद केला. शाहूपुरीच्या ऑफिसात पोरांचे आई-बाप येऊन बसायचे, भांडायचे नाहीत, नुसते बसायचे. चहा सांगायलाही लाज वाटायची.

त्या वर्षी अण्णांचं उसाचं बिल आलं ते त्यांनी घरी नेलंच नाही, बँकेतनं काढून थेट ऑफिसात आणलं आणि म्हणाले पोरांची तिकिटं काढा. वहिनींना तीन दिवसांनी कळलं. वहिनी काय बोलल्या ते इथं लिहीत नाही, पण पैसे परत मागितले नाहीत एवढं लिहितो.

त्यातच तो एजंट. नाव घेत नाही, पुण्याकडचा. आमच्याच ऑफिसात येऊन बसायचा, धंदा शिकायचाय म्हणायचा, अण्णा त्याला जेवायला घरी न्यायचे. आमच्या पोरांची यादी आणि फॉर्म झेरॉक्स करून घेऊन गेला. मग निम्म्या पगारावर पोरं पाठवायला लागला, त्यात माजी सैनिक नावाला, बाकी जिममधली पोरं, चार दिवस ट्रेनिंग आणि छातीवर ॲडव्हायझरचा बिल्ला. व्हिजिट व्हिसावर दुबई आणि दुबईवरनं गुपचूप काबूल, कसली नोंद नाही, इमिग्रेशनला पत्ता नाही. नंगरहारकडं त्यातल्या एका पोराचा पाय गेला. ज्या रानात पाणी नुकतं फिरलं होतं त्याच्या बांधावरनं त्याला चालवलं होतं, आमच्या कुठल्याही पोरानं तिथं पाऊल टाकलं नसतं. आणि पेपरात छापून काय आलं? आमचं नाव. का, तर त्याच्या फॉर्मवर आमचाच छापील नमुना. खुलासा दिला तर चार ओळी, आतल्या पानावर, खाली. हे मी विसरणार नाही. अजून कुणी लग्नात भेटलं की विचारतं, ते पायवालं प्रकरण तुमचंच ना.

त्या पोराचं काम शेवटी आम्हीच केलं हेही लिहून ठेवतो, कारण ते कुणी छापलं नाही. अमेरिकन सरकारच्या पैशावर चाललेल्या कामावर, मग तुम्ही सब-कॉन्ट्रॅक्टरचे सब-कॉन्ट्रॅक्टर का असेना, डिफेन्स बेस ॲक्टचा विमा लागू असतो, तुम्ही भारतीय असला तरी. हा कायदा १९४१ चा आहे आणि एजंट लोक त्याचं नावसुद्धा काढत नाहीत. क्लेम एक वर्षाच्या आत घालावा लागतो. आम्ही मुदतीच्या तोंडावर घातला. मिळाला.

ह्या सगळ्यात एक ग्राहक हलला नाही, दुबईचे साहेब. स्कॉटलंडचे, ब्रिटिश कस्टम्समधनं रिटायर झालेले, दुबईत छोटी कंपनी. २०१० ला सगळे पाठ फिरवत असताना त्यांनी पुढच्या कामाचा ॲडव्हान्स पाठवला आणि मेलमध्ये एवढंच, तुमची माणसं मला नाही म्हणतात म्हणून मला ती पाहिजेत. पुढं वाट पण त्यांनीच काढली. २०१२ पासून गार्ड पुरवायचं काम तिथल्या सरकारी फोर्सकडं गेलं, पण सल्ला द्यायला रिस्क मॅनेजमेंट कंपनीचं वेगळं लायसन ठेवलं होतं, आणि आमची पोरं पहिल्यापासनं सल्लागारच, गार्ड नव्हतीच. भाव पाडून गार्ड भरणारे सगळे धुऊन गेले आणि आम्ही उभे राहिलो. साहेब एकदा कोल्हापूरला आले, पांढरा रस्सा तीन वाट्या प्याले आणि मग विचारलं ह्यात घातलंय काय. खसखस म्हटल्यावर त्यांनी चमचाच खाली ठेवला. म्हणाले सुभेदारसाब, तुमच्या पोरांच्या बॅगा उद्यापासून मी स्वतः तपासणार. कारण दुबईत, सगळ्या अमिरातीतच, खसखशीला बंदी आहे, मूठभर असली तरी ड्रग्जची केस, आणि माणसं आत गेलेली आहेत.

म्हणून माऊल्यांनो, हात जोडून सांगतो, पोरगं दुबईमार्गे जाणार असेल तर घरचा कांदा-लसूण मसाला बॅगेत घालू नका. खसखस घातली नाही असं आई सांगते आणि मिरची कांडपवाल्यानं घातलेली असते. तिकडं आपल्या पोरांना रेडीमेड मसाला मिळतो, चव नसते पण सुटका असते.

आणखी थोडं सांगतो, रिटायर होणाऱ्यांनी वाचावं. एजंटचा परराष्ट्र खात्याचा रजिस्ट्रेशन नंबर ई-मायग्रेट ह्या सरकारी वेबसाइटवर बघा, त्याच्या भिंतीवरची फ्रेम बघू नका. अफगाणिस्तान, इराक, येमेन हे देश इमिग्रेशन क्लिअरन्सच्या, म्हणजे जाण्याआधी सरकारी मंजुरीच्या, यादीतले आहेत, दहावी पास असला तरी चौकशी करूनच जा. करारात मेलात तर बॉडी कोण आणणार हे लिहिलेलं पाहिजे, अशुभ म्हणून ते पान उलटू नका. बायकोला पगाराचा आकडा आणि साहेबाचा नंबर दोन्ही द्या. आणि पन्नाशीनंतर गुडघे दुखत असतील तर जाऊच नका, पैसा इथं दुधाच्या धंद्यातही आहे.

मधली वर्षं नीट गेली, काम होतं, पगार वेळेत झाले. २०१९ च्या महापुरात ऑफिसात पाणी आलं, जुन्या पाण्याच्या वह्या भिजल्या, त्याचं वाईट वाटलं. अण्णा २०२१ पासनं गावाकडंच असतात, गुडघ्यामुळं. त्याच ऑगस्टमध्ये काबूल पडलं, तोवर आमची पोरं घरी पोचली होती. एप्रिल २०२२ ला तालिबाननंच अफूवर बंदी घातली आणि २ लाख ३३ हजार हेक्टरवरनं लागवड पुढच्या वर्षी ११ हजाराच्या आत आली. आम्ही ज्या रानांची पाळी तोंडपाठ केली होती तिथं आता गहू आहे म्हणतात. शेतकऱ्याच्या सलामचं काय झालं ते कुणी मोजत नाही.

आता काम बदललंय. साहेबांची कंपनी बंदरांवर कंटेनर तपासणाऱ्या टीमना सल्लागार देते, आफ्रिकेत जास्त, तिथं आमचे डॉग हँडलर जातात. आणि इकडं केमिकलच्या गोदामांचं ऑडिट सुरू केलंय, कारण हेरॉइनला ॲसेटिक अनहायड्राइड लागतं आणि ते साधं इंडस्ट्रीतलं केमिकल आहे, २०१३ च्या आदेशानं अशा पदार्थांची नोंद एनसीबीकडं, म्हणजे केंद्राच्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडं, ठेवावी लागते. ढोलगरवाडीत, आपल्याच चंदगड तालुक्यात, २०२१ ला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन ह्या ड्रगचा, कारखाना सापडला तेव्हापासनं शिरोली आणि गोकुळ शिरगावचे उद्योजक आमचे फोन उचलायला लागलेत. तोवर म्हणायचे हे सगळं मुंबईचं.

पुढची बॅच दिवाळीनंतर. सॅपर, सिग्नल आणि डॉग हँडलरना प्राधान्य, कुत्र्यांचा विषय शिकवायला अण्णा गडहिंग्लजहून आठवड्यातनं एकदा येणार आहेत, त्यांनी तसं कबूल केलंय. ऑफिस शाहूपुरीतच, सोमवारी बंद. येताना डिस्चार्ज बुक ओरिजिनल आणा आणि पासपोर्टची फक्त झेरॉक्स. पासपोर्ट आम्ही कुणाचाच ठेवून घेत नाही.