ट्राउट वर यायचा, बघायचा आणि वळून जायचा

माँटानात लिव्हिंग्स्टनला मी फ्लाय फिशिंगच्या दुकानात काम करते. हुकवर दोरा, पिसं, केस बांधून खोटा किडा बनवायचा, तो पाण्यावर तरंगला पाहिजे आणि ट्राउट माशाला खरा वाटला पाहिजे, हेच माझं काम. या खोट्या किड्याला आम्ही माशी म्हणतो.

मे महिना लागला की येलोस्टोन नदीवर कॅडिस नावाच्या उडत्या किड्यांचे नुसते ढग उठतात. पाणी १०-१२ डिग्रीवर आलं की सुरू, मग कॉलरमध्ये, कानात, कॉफीत सगळीकडे तेच. मदर्स डेच्या आसपास येतात म्हणून मदर्स डे कॅडिस. पण त्याच सुमारास डोंगरावरचा बर्फ वितळतो आणि नदीच्या मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही, त्यामुळे सगळा गढूळ लोंढा खाली येतो आणि मग कितीही किडे उडू देत, माशाला वरचं काही दिसतच नाही. म्हणून ते मोजके स्वच्छ दिवस लोक जिवापाड जपतात.

अशाच एका दुपारी एक आजोबा आले, वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची पँट, अजून ओलीच. म्हणाले चारी बाजूंनी मासे उसळतायत पण माझ्या माशीपाशी येतात, बघतात आणि वळतात. बॉक्समध्ये एल्क हेअर कॅडिस, म्हणजे एल्क हरणाच्या केसांच्या माशा होत्या, अगदी सुरेख बांधलेल्या. ही डिझाइन अल ट्रॉथची, १९५७ सालची, पेनसिल्वेनियातली, नंतर ते इकडे माँटानात डिलनला येऊन गाईड झाले. इतकी वर्षं झाली तरी मला तिच्यात बदलावंसं काही वाटत नाही.

आजोबांच्या बाहीवर एक खरा कॅडिस चालत होता, तो पाण्याच्या वाटीत सोडला, शेजारी त्यांची माशी ठेवली. खरा किडा पोट टेकून, पंख छपरासारखे मिटून बसलेला, आणि त्यांची माशी पिसांच्या टोकांवर उंच उभी! खळाळत्या पाण्यात हेच हवं असतं, बुडत नाही. पण ते मारत होते संथ, काचेसारख्या पाण्यात, तिथे माशाला निवांत बघायला वेळ मिळतो.

मग मी पोटाखालचं हॅकल, म्हणजे हुकभोवती गुंडाळलेलं पीस, कात्रीने सपाट कापलं. शिवाय १६ नंबरच्या हुकवर नवीन बांधायला घेतल्या, पोटाला गडद ऑलिव्ह डबिंग, म्हणजे दोऱ्यावर पिळलेले तंतू, त्यावर हॅकल पुढून मागे गुंडाळायचं आणि बारीक तार उलट्या दिशेने पुढे आणत ते आवळायचं, म्हणजे माशाच्या दातांनी सुटत नाही. मग एल्कचे केस, आतली लव विंचरून काढायची, स्टॅकर नावाच्या नळीत ठोकून टोकं सारखी करायची आणि हुकच्या पुढच्या छिद्रामागे बांधायचे. इथेच सगळ्यांचं बिनसतं, पहिले दोन वेढे सैल आणि मग एकदम घट्ट, बोटांची पकड सोडायचीच नाही, नाहीतर केस हुकभोवती फिरून खाली जातात. आजोबा शेजारी बसून एकटक बघत होते, मध्येच म्हणाले, "वर्षानुवर्षं बांधतोय पण खालून कधी बघितलंच नाही."

दुकान बंद करता करता ते परत आले, चेहरा उजळलेला. ब्राउन ट्राउट लागले होते, सगळे सोडून दिले. मला इतका आनंद झाला की घरी पुण्याला फोन करून आईला सगळं सांगितलं, तिला हॅकल काय कळणार, पण ऐकलं तिने सगळं.

आता काउंटरवर दोन ट्रे असतात, एक पूर्ण हॅकलचा, एक पोट कापलेला, आणि गिऱ्हाईक आलं की आधी विचारते, कुठल्या पाण्यात उभे राहणार आहात?