पोटॅशियम २.६ आणि तीन डब्या

धडधड, हातांची थरथर आणि जिना चढताना मांड्यांतला जोर निघून जाणं, एवढ्या तक्रारी घेऊन चौतीस वर्षांच्या एक बाई तातडीच्या विभागात आल्या. नाडी १२८, रक्तदाब १५०/७०. ईसीजीत टी लहरी चपट्या, त्यांच्यामागे यू लहरी उठलेल्या आणि क्यूटी (ठोक्याची विद्युत लहर सुरू होऊन शमायला लागणारा वेळ), नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला, ५१० मिलिसेकंद. क्यूटी ५०० च्या पुढे गेला की हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते. म्हणून रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता त्यांना मॉनिटरवर घेतलं. मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन द्यायचं नाही, हेही नर्सना तेव्हाच सांगितलं, कारण ते क्यूटी आणखी लांबवतं. पोटॅशियम २.६ आलं. ते निदान ३.५ तरी हवं.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"काहीच नाही."

हे उत्तर देणारा माणूस खोटं बोलत नसतो. वजन कमी करण्याच्या कॅप्सूल त्याच्या लेखी औषध नसतातच. त्यामुळे आम्ही प्रश्नच वेगळा विचारतो: "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं? गोळी, पावडर, काढा, थेंब, सगळं सांगा." आणि घरच्यांना डब्या घेऊन यायला सांगतो. फोटो पुरत नाही. बॅच नंबर लागतो आणि उरलेल्या कॅप्सूलही लागतात.

बहिणीने तीन डब्या आणल्या. एकीत फॅट बर्नर कॅप्सूल. लेबलवर ग्रीन टीचा अर्क, गार्सिनिया आणि ग्वाराना. दुसरीत सोनामुखी असलेली 'डिटॉक्स' पावडर. तिसरीत बायोटिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या. अडीच महिन्यांत आठ किलो वजन उतरलं होतं. वजन असं झपाट्याने उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, तसे ते गळायला लागले, म्हणून बायोटिन सुरू केलेलं. खरं तर शरीरात बायोटिनची कमतरता नसेल तर केसगळतीवर त्याचा उपयोग होत नाही.

आधी पोटॅशियम. हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंट या गतीने सलाइनमधून सुरू केलं. ग्लुकोजच्या बाटलीतून ते देत नाहीत, कारण ग्लुकोजमुळे इन्सुलिन वाढतं आणि पोटॅशियम पेशींमध्ये शिरून रक्तातलं प्रमाण आणखी उतरतं. सोबत मॅग्नेशियम. ते कमी असेल तर कितीही पोटॅशियम दिलं तरी मूत्रपिंड ते बाहेर टाकत राहतं.

पोटॅशियम गेलं कुठून, हे लघवी सांगते. थायरॉईडचं हार्मोन वाढल्यामुळे स्नायू लुळे पडण्याच्या आजारात पोटॅशियम शरीरातच असतं, फक्त पेशींमध्ये दडलेलं. तिथे हात राखून द्यावं लागतं, नाहीतर काही तासांनी पातळी धोकादायक वर उसळते. अशा वेळी लघवीत पोटॅशियम कमी सापडतं. निव्वळ जुलाबांनी गेलं असेल तरीही कमीच. यांच्या लघवीत मात्र क्रिएटिनिनच्या तुलनेत ते भरपूर होतं. म्हणजे सोनामुखीचा थोडा हात असला तरी मुख्य गळती मूत्रपिंडातून होती. लघवी वाढवणारं काहीतरी पोटात जात होतं आणि तीन डब्यांच्या लेबलांवर तसं एकही नाव नव्हतं.

थायरॉईडचा पहिला अहवाल पाठ्यपुस्तकातल्यासारखा आला: टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला काम करायला लावणारं हार्मोन) जवळजवळ शून्य, टी३ आणि टी४ (त्या ग्रंथीची स्वतःची हार्मोन्स) वाढलेले, थायरॉईडला चेतवणाऱ्या अँटिबॉडीही वाढलेल्या. एवढ्यावर ग्रेव्ह्ज आजार (अँटिबॉडींमुळे थायरॉईड जास्त हार्मोन बनवते तो) म्हणून कार्बिमाझोल हे थायरॉईड दाबणारं औषध सुरू करायला कुणाची हरकत नसती. पण तिसरी डबी टेबलावरच होती.

बायोटिनची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. १० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशेपट. अनेक प्रयोगशाळांची यंत्रं बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीवर मोजणी करतात. रक्तातच बायोटिन भरमसाट असेल तर टीएसएच, थायरोग्लोब्युलिन (थायरॉईड ग्रंथीतलं प्रथिन) आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) खोटे कमी दिसतात, टी३, टी४ आणि त्या अँटिबॉडी खोट्या जास्त. ट्रोपोनिनचं तर विशेष भय वाटतं, कारण हृदयविकाराचा झटका असूनही अहवाल 'नॉर्मल' येऊ शकतो. म्हणून तोच नमुना बायोटिन न वापरणाऱ्या पद्धतीने तपासायला दुसरीकडे पाठवला आणि गोळ्या बंद करून ७२ तासांनी नवा नमुनाही घेतला.

दोन्ही अहवाल एकमेकांशी जुळले आणि पहिल्याशी फटकून निघाले. टीएसएच खरोखरच शून्याजवळ, टी३ खरोखरच जास्त, पण अँटिबॉडी नाहीत आणि टी४ चक्क कमी. थायरोग्लोब्युलिन नाममात्र. ग्रंथी स्वतः हार्मोन बनवत असती किंवा सुजून सांडत असती, तर थायरोग्लोब्युलिन वर गेलं असतं. इथे बाहेरून टी३ येत होतं आणि त्यामुळे ग्रंथीने काम थांबवलं होतं. अशा रुग्णाला कार्बिमाझोलचा काडीचा फायदा नाही. ते ग्रंथीतली निर्मिती रोखतं आणि निर्मिती तर आधीच बंद होती. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल पुरलं.

फॅट बर्नर कॅप्सूलच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूंच्या वजनावरून घटक ओळखणाऱ्या तपासणीत) टी३, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड आणि सिब्युट्रामिन निघालं. एकाच डबीतल्या दोन कॅप्सूलमध्ये त्यांचं प्रमाणही सारखं नव्हतं. सिब्युट्रामिन भूक मारतं, पण नाडी आणि रक्तदाब वाढवतं. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात वाढतात असं मोठ्या चाचणीत दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढलं गेलं. हा प्रकार विरळा नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधं असलेली ७७६ पूरकं नोंदवली. त्यांतली ३१७ वजन कमी करण्याची होती आणि त्यांतल्या बहुतेकांत सिब्युट्रामिन होतं.

लेबलवरच्या घटकांचा खरा जोर किती, तेही पाहा. गार्सिनियातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल रोज १५०० मिलिग्रॅम, बारा आठवडे, अशी चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यात वजन जास्त उतरलं नाही. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं की रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण. उपाशीपोटी घेतलं तर ते अधिक शोषलं जातं. ऑर्लिस्टॅट हे तावूनसुलाखून घेतलेलं औषध. जेवणासोबत १२० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा घेतलं की जेवणातली साधारण ३० टक्के चरबी शोषली जात नाही, तरी वर्षभरात मिळणारा जादा फायदा तीनेक किलोंचाच. मग 'नैसर्गिक' कॅप्सूलने अडीच महिन्यांत आठ किलो उतरत असतील, तर आत काय आहे हा प्रश्न त्याच दिवशी पडायला हवा. जुलाबाच्या पावडरने तर कॅलरी वाचतच नाहीत म्हणा ना. सोनामुखी मोठ्या आतड्यावर काम करते आणि बहुतेक कॅलरी त्याआधी लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात.

घरात आणखी कोण घेतं, हे आम्ही आवर्जून विचारतो. बहीणही त्याच डबीतल्या कॅप्सूल घेत होती. तिचाही ईसीजी काढला. पोटॅशियम ३.३ निघालं. उरलेल्या कॅप्सूल मूळ डबीतच ठेवून, बॅच नंबरसह औषध-दुष्परिणाम नोंदणी केंद्राकडे दिल्या.

घरी सोडताना सगळ्यात जास्त वेळ वजनावर बोलण्यात गेला. फ्युरोसेमाइड थांबलं की मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं. आठवड्याभरात दोन-तीन किलो परत येतात, घोट्यांवर सूज दिसते. ती चरबी नव्हे. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून पुन्हा त्याच डबीकडे वळतो. गेलेल्या आठ किलोंतही पाणी आणि स्नायूंचा वाटा मोठा होता. जादा थायरॉईड हार्मोन स्नायूही झिजवतं, मांड्यांतला जोर त्यामुळेही गेला होता. टी३ काही दिवसांत शरीरातून जातं, पण ग्रंथी जागी व्हायला आठवडे लागतात. तोवर थकवा येतो, थंडी वाजते, टी४ कमीच दिसतो. त्यावर लगेच थायरॉक्सिन (गोळीतलं टी४) सुरू करू नये, असं चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं आणि थायरॉईडची व यकृताची तपासणी सहा आठवड्यांनी ठेवली.