घोट्यावरचा काळा डाग

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. एकोणीस वर्षं रोज सकाळी सहापासून तव्यासमोर उभी. त्यामुळे पायावर हिरव्या-निळ्या शिरा फुगल्या तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही, मलाही नाही. साडीखाली झाकलं की झालं. मी वैतागले होते ते डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूच्या काळ्या डागाला. रात्री इतका खाजायचा की झोपेत ओरबाडून रक्त काढायचे. दीड वर्ष नायट्याची मलमं चोळली.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मला उभं करून साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावली. म्हणाल्या, "काकू, हे कातडीचं नाही, शिरांचं आहे. सर्जनना दाखवा."

सोनोग्राफी म्हणजे आडवं व्हायचं, एवढंच मला ठाऊक. डॉपलरला, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते बघणाऱ्या सोनोग्राफीला, मात्र उभंच ठेवलं. पोटरी दाबून सोडली की मशीनमधून सूंऽऽ असा आवाज यायचा. वर चढलेलं रक्त परत खाली घसरत होतं. शिरेत झडपा असतात, रक्त वर गेलं की त्या मिटायला हव्यात. माझी जांघेतली झडप मिटतच नव्हती. अर्ध्या सेकंदापर्यंतचा उलटा प्रवाह चालतो, माझा तीन सेकंदांच्या वर. तेच रक्त घोट्याशी तुंबून त्यातलं लोह कातडीत उतरलं होतं. आणि मी बसले होते मलम लावत!

माझ्या आरोग्यविम्याच्या पॉलिसीत या आजाराला २४ महिने थांबायची अट होती, ती सुदैवाने उलटून गेली होती. तरी 'दिसण्यासाठी करताय का' अशी विचारणा आलीच. डॉपलरचा रिपोर्ट जोडला, मग मंजुरी.

लेझरने ती बिघडलेली शीर आतून बंद करायचं ठरलं. सकाळी उभं करून सर्जननी शिरांवर मार्करने रेघा ओढल्या. खरं दुखलं ते भुलीचं. मांडीभर, शिरेच्या कडेकडेने थंड पाण्यासारखं औषध टोचत गेले. पुढे लेझर चालू असताना तोंडात करपल्याची चव आली. मला वाटलं, भास! सिस्टर म्हणाल्या, काहींना येते. पोटरीतल्या फुगलेल्या शिरांच्या गाठी बारीक छेदांतून क्रोशाच्या सुईसारख्या आकड्याने ओढून काढल्या. टाके नाहीत, नुसत्या चिकटपट्ट्या. तासाभरात मला चालायला लावलं आणि संध्याकाळी घरी.

आठवड्याने मांडीत आतून दोरी ताणल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा घाबरून फोन केला. बंद झालेली शीर आक्रसते, चालत राहा, असं सांगितलं. गुडघ्याखाली हातभर जागा बधिर आहे, ती अजून तशीच.

पण ऑपरेशनपेक्षा मला छळलं ते नंतर घालायच्या मोज्याने. मांडीपर्यंतचा, घट्ट, तोही एप्रिलमध्ये. पहिल्या दिवशी मी आणि हे, दोघं मिळून वीस मिनिटं झटत होतो. मग शेजारणीने युक्ती सांगितली: पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, त्यावरून मोजा सरकवायचा आणि पुढच्या उघड्या टोकातून पिशवी ओढून घ्यायची. पिशवी दुधाची घेतली तर आधी धुवा, हे अनुभवाने सांगते.

खाज महिन्याभरात थांबली. डाग फिकट झालाय, गेलेला नाही. सर्जनच्या सांगण्यावरून ओट्याच्या उंचीचं स्टूल करून घेतलंय. बसून लाटलेली पोळी मात्र अजून गोल येत नाही.