आमची वाटचाल: काळ्या मातीतली अंगणं

नागपुरात घराभोवतीची बाग करून द्यायचं आमचं काम रोपांपासून सुरू झालं. लॉन अंथरायचं, कडेने ड्युरांटा लावायचा, फाटकापासून दारापर्यंत पेव्हर ब्लॉक टाकायचे. आज पहिले आठ-दहा दिवस साइटवर एकही रोप येत नाही. बेसा, हुडकेश्वरकडच्या नव्या लेआउटमधले बरेच प्लॉट कालपर्यंत वावरं होती. तिथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फाटते. तिच्यामुळेच आमच्या कामाचा क्रम उलटा झाला.

पहिलं काम उताराचं. पारदर्शक लेव्हल पाईपने चारही कोपरे मोजतो आणि घरापासून बाहेर दर दहा फुटांना सव्वा ते दीड इंच उतार धरतो. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी खाली येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरकरांनी तेवढा पाऊस काही तासांत पाहिला आहे. हे पाणी शोषखड्ड्यात सोडायचं असेल तर खड्डा काळ्या मातीखालच्या मुरुमाच्या, म्हणजे पाणी मुरणाऱ्या भरड मातीच्या थरापर्यंत न्यावा लागतो. काळ्या मातीतच थांबलेला शोषखड्डा म्हणजे नुसतं टाकं. एकदा भरलं की पाणी आठवडाभर हलत नाही.

भिंतीला लागून वाफे आम्ही करतच नाही. वाफ्याचं रोजचं पाणी पायाच्या एका बाजूची माती फुगवतं, दुसरी बाजू कोरडी राहते आणि भिंतीला तिरपी भेग जाते. म्हणून भिंतीलगत तीन फूट कोबा, म्हणजे काँक्रीटचा पक्का थर, आणि त्याला बाहेरच्या बाजूला इंचभर उतार. वाफे त्यापलीकडे. कडुनिंबासारखं मोठं झाड भिंतीपासून किमान १५ ते २० फुटांवर.

पायवाटेत पैसे वाचवू नका, असं आम्ही प्रत्येक मालकाला कळकळीने सांगतो. पेव्हर खचतात ते ब्लॉक वाईट असतो म्हणून नाही, खालची माती काढलेली नसते म्हणून. आम्ही दहा इंच खोदतो. तीन फूट रुंद आणि तीस फूट लांब वाटेतून पाऊण ब्रास, म्हणजे ७५ घनफूट माती निघते. मग मुरूम तीन-तीन इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थर ओला करून धुम्मसने, म्हणजे जमीन ठोकायच्या जड ठोकणीने ठोकलेला. सहा इंच एकदम टाकून ठोकला तर वरचा भाग घट्ट होतो, खालचा पोकळ राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात बसतो. वर दीड इंच रेती किंवा चुरी, मग ब्लॉक. दोन्ही कडांना सिमेंटमध्ये बसवलेला कर्ब हवाच, नाहीतर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात आणि मधले सैल पडतात.

आता झाडं. नागपुरातल्या अंगणात संत्र्याचं एक तरी झाड हवंच असतं, आणि मरतंही तेच सर्वांत जास्त. अडीच फूट लांब, रुंद, खोल खड्डा मे महिन्यात खोदून उन्हात तापू द्यावा. मग त्यात दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं. पाणी तसंच असेल तर तिथे खड्ड्यात झाड लावू नये. भोवती चिकण काळी माती आणि आत भुसभुशीत मिश्रण असलं की खड्डा हौद होतो, मुळं कुजतात. अशा जागी दीड फूट उंच, पाच फूट रुंद मातीचा ओटा करून त्यावर लावतो. मिश्रण: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग रेती आणि पाव किलो निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी येते.

कलमाचा डोळा, म्हणजे खोडावरचा तो वाकडा सांधा, जमिनीपासून सहा ते नऊ इंच वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळणारा बुरशीचा रोग लागतो. आळं दुहेरी करावं: खोडाभोवतीचं आतलं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावं. एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना आणि लिटरभर पाणी पुरतं. ते प्लास्टिकच्या बादलीत कालवावं, लोखंडी नको.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक युरिया टाकतात. त्याने पिवळेपणा जात नाही, कारण मातीतल्या चुनखडीमुळे झाडाला लोह मिळत नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) ताजा विरघळवून संध्याकाळी फवारावा. पाणी तांबूस झालं असेल तर ते टाकून द्यावं. जास्वंद आणि एक्झोरालाही हाच उपाय चालतो.

लॉनबद्दल आमचं मत मालकांना आवडत नाही, तरी सांगतो. ५०० चौरस फूट लॉन मे महिन्यात रोज साधारण ३०० ते ३५० लिटर पाणी पितं. बोअर आटत असेल तर लॉन निम्मं करा. जिथे करायचं तिथे जमीन आधी तीन आठवडे भिजवून नागरमोथा उगवू द्या, गाठींसकट काढा, मग पुन्हा भिजवा, पुन्हा निंदण करा. वरचेवर खुरपलं तर गाठी खालीच राहतात आणि महिन्याभरात लॉनमधून सुयांसारख्या वर येतात.

ठिबकसाठी आम्ही १६ मिलिमीटरची नळी आणि वरून टोचायचे, उघडता येणारे, तासाला ४ लिटर पाणी देणारे ड्रिपर वापरतो. इथल्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर तोंडाशी बसतो. नळीच्या आत बसवलेला ड्रिपर उघडता येत नाही, तो बुजला की नळीचा तुकडाच बदलावा लागतो. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचा आणि नळीचं शेवटचं टोक उघडून गढूळ पाणी जाऊ द्यायचं.

काम सोपवल्यावर पहिल्या उन्हाळ्यात, नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ सर्वांत तापते दिवस, लागायच्या आधी आम्ही एकदा येऊन जातो. लहान रोपांना ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधतो आणि तीन इंच पालापाचोळा पसरतो, खोडापासून चार बोटं सोडून. पाला खोडाला चिकटला तर उधई (वाळवी) त्यातूनच वर चढते.