निळ्या प्रकाशात काळी पडलेली शाल

शेवटच्या प्रवेशात नायिका रात्री अंगणात येते आणि अंगावरच्या लाल शालीवरून भाऊ तिला ओळखतो. रंगीत तालमीत हा प्रवेश लागला, तेव्हा शाल काळी दिसत होती आणि चेहऱ्यांवर हिरवट झाक होती. शाल बदलायची चर्चा सुरू झाली. मी थोडा वेळ मागून घेतला, कारण दोष कापडात नव्हता, प्रकाशात होता.

मागच्या बॅटनवर, म्हणजे दिवे टांगायच्या आडव्या दांडीवर, पार 64 हे झोताचे दिवे होते आणि त्यांत ली कंपनीचा 119 नंबरचा रंगीत फिल्टर, डार्क ब्लू. दोन्ही विंगांमधून 1000 वॉटच्या हॅलोजन फ्रेस्नेलचा, म्हणजे मऊ कडेच्या दिव्यांचा, प्रकाश येत होता. त्यांना ली 117, स्टील ब्लू, आणि डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारं नियंत्रण, 40 टक्क्यांवर. समोरून 5600 केल्विनचे (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका प्रकाश निळसर) दोन एलईडी प्रोफाइल, म्हणजे रेखीव कडेचे दिवे, त्यांना ली 201, पिवळसर प्रकाश निळसर करणारा फिल्टर. यादी वाचली तर प्रत्येक नंबर रात्रीचाच. पण फिल्टरचा नंबर एकटा काहीच ठरवत नाही. मागे कोणता दिवा आहे, तो किती टक्क्यांवर आहे आणि प्रकाश कशावर पडतो, यांवर रंग ठरतो.

आधी शाल. फिल्टर प्रकाशात रंग घालत नाही, नको ते रंग अडवतो. 119 मधून एकूण प्रकाशाच्या साधारण 3 टक्केच बाहेर येतो आणि त्यात लाल जवळजवळ नसतो. लाल कापड परतवतं ते मुख्यतः लाल. तेच पोचलं नाही तर कापड काळं दिसणार, मग डिमर कितीही वर न्या. म्हणून एका बाजूने तरी लाल आणि निळा दोन्ही सोडणारा फिल्टर हवा होता, म्हणजे लव्हेंडर. मी उजव्या विंगेच्या फ्रेस्नेलला ली 137, स्पेशल लव्हेंडर, लावून घेतला. शाल हातात धरून नव्हे, नटीच्या खांद्यावर, तिच्या जागेवर आणि डिमर 40 टक्क्यांवर ठेवूनच पाहिली. नमुन्याची पट्टी खिडकीशी धरून केलेली निवड रंगमंचावर बहुतेक वेळा फसते. लव्हेंडर शेजारी निळा असला की उबदार वाटतो आणि पिवळसर असला की थंड. त्यामुळे रात्र मोडली नाही आणि शाल लाल झाली.

हिरवट चेहऱ्यांचं कारण 117. त्यात हिरव्याचा अंश आहे. हॅलोजन पूर्ण ताकदीवर असतो तेव्हा तो बर्फासारखा स्वच्छ वाटतो. डिमर खाली आणला की तंतू थंड होतो, दिव्यातला निळा भाग सर्वांत आधी घटतो आणि उरलेला पिवळसर प्रकाश त्या फिल्टरमधून हिरवट होऊन त्वचेवर पडतो. डाव्या विंगेला मी 201 दिला.

त्यातही एक हिशेब आहे. दहा लाखाला केल्विनने भागलं की मायर्ड मिळतात; या मापात फिल्टरचा परिणाम सरळ बेरीज-वजाबाकीने काढता येतो. 3200 केल्विनचा दिवा म्हणजे 312. 201 त्यातून 137 कमी करतो, उरतात 175, म्हणजे सुमारे 5700 केल्विन. पण डिम होऊन तोच दिवा 2700 वर आला असेल, तर 370 वजा 137 म्हणजे 233 आणि प्रकाश सुमारे 4300 केल्विनचा. रात्रीसाठी तो पुरेसा थंड असतो आणि चेहरा माणसाचा राहतो.

एलईडी मात्र डिम केला तरी पिवळा पडत नाही. 5600 केल्विन म्हणजे 179 मायर्ड. त्यावर 201 लावला की 42 उरतात आणि हिशेब 20,000 केल्विनच्या पलीकडे जातो. नाकाखालच्या सावल्या इतक्या निळ्या का दिसत होत्या, ते इथे कळतं. विंगेच्या 233 शी जुळवायला उलट 54 मायर्ड वाढवायला हवे होते. ली 206, क्वार्टर सीटीओ, म्हणजे प्रकाश किंचित पिवळसर करणारा फिल्टर, 64 वाढवतो. तो लावल्यावर समोरचा आणि बाजूचा प्रकाश एकमेकांत मिसळले. जुन्या हॅलोजनसाठी केलेली फिल्टरची यादी एलईडीवर तशीच उतरवू नये, ती याचसाठी. शिवाय बऱ्याच पांढऱ्या एलईडीत गडद लाल कमी असतो. गाल आणि लाल कापड त्यांत निस्तेज दिसतात. समोरच्या एलईडीवर शाल सोपवली नाही, ती त्यामुळेच.

119 मागेच ठेवला. केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला तो सुरेख दिसतो. पण गडद निळा अडवलेला प्रकाश स्वतःच शोषतो, म्हणून लवकर तापतो आणि मधोमध पांढरा पडतो. पारमध्ये दिव्याच्या बाजूला, फिल्टरपासून इंचभर अंतर सोडून, पारदर्शक उष्णतारोधक फिल्म लावली. दोन्ही एकमेकांना चिकटवले तर उपयोग होत नाही, मधली हवा खेळती हवी.

शेवटी प्रवेश पुन्हा लावला. निळ्याची सवय डोळ्यांना पटकन होते आणि रात्र करडी वाटू लागते, म्हणून नेपथ्यातल्या खिडकीमागे एक हॅलोजन फिल्टरशिवाय 30 टक्क्यांवर ठेवला. तो पिवळा चौकोन दिसत राहतो तोवर बाकीचा निळा निळाच राहतो. 137 चा जादा तुकडा 7.5 इंचाच्या फ्रेमच्या मापाने कापून, कोपऱ्यात मार्करने नंबर लिहून, विंगेतल्या पाकिटात ठेवला. 119 चे तुकडे प्रत्येक प्रयोगाआधी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहायचे आणि मध्यभाग फिका दिसला की बदलायचे, असं प्रकाश सांभाळणाऱ्यांशी ठरलं.